गोळी सुरू केल्यापासून हाफ मॅरेथॉनचा टायमिंग पडलाय, गोळीमुळेच का?

तिसरं_गेट (धागालेखिका)

नमस्कार मंडळी. विषय जरा नाजूक आहे पण इथं पळणाऱ्या बायका बऱ्याच आहेत म्हणून धीर करून लिहितेय.

मी बेळगावात टिळकवाडीत राहते, वय २९, लग्नाला दीड वर्ष झालं. इतक्यात मूल नको म्हणून सप्टेंबरात डॉक्टरांकडून गर्भनिरोधक गोळी सुरू केली, २१ दिवस घ्यायची मग ७ दिवस सुट्टी. लग्नाआधी माझी हाफ १ तास ५८ मिनिटांत व्हायची, या फेब्रुवारीत २ तास ६ मिनिटं लागली. टायमिंग एकवेळ सोडा, पण पहिले आठ-दहा किलोमीटर बरं जातं आणि मग पायात शिसं ओतल्यासारखं होतं. कपिलेश्वरचा उड्डाणपूल मी कधी चालत चढले नव्हते, यंदा चढले.

आमचा ग्रुप पहाटे साडेपाचला काँग्रेस रोडला रेल्वेच्या तिसऱ्या गेटपाशी जमतो. पूर्वी मी पुढच्या घोळक्यात असायची, आता मागं असते, सोबतीला एक रिटायर्ड सुभेदार काका. काका म्हणाले, पोरी लग्न मानवलं बघ तुला. हसून सोडून दिलं पण घरी येऊन काट्यावर उभी राहिले, सव्वा किलो वाढलंय.

ग्रुपमधल्या दोघी म्हणतात गोळीनं अंग धरतं, दम कमी होतो, बंद कर. नवरा म्हणतो तुझं तू ठरव. रात्री साडेनऊला मोबाईलचा गजर होतो आणि सासूबाई रोज विचारतात कसला गं गजर, मी रोज सांगते पाणी प्यायचा. तेवढं करून घेतलेली गोळी जर माझी हाफ खात असेल तर मला कळायला हवं. कुणाचा अनुभव?

कुंदाप्रेमी

रुमाल टाकून ठेवतो. बायकोला दाखवतो, ती पळते, मी फक्त तिची बॅग धरतो.

खानापूरची_पोर

मी पण घेतो गोळी, तीन वर्षं झाली. माझं उलटंच झालं. आधी महिन्यातले चार दिवस गेलेच म्हणून सोडायचे, पोट इतकं दुखायचं की जांबोटी रोडला एकदा मैलाच्या दगडावर अर्धा तास बसून होतो, येणारे जाणारे विचारायलेत काय झालं बाई आणि मी सांगायलोय चप्पल तुटली. पायात बूट! गोळी सुरू केल्यावर दुखणं निम्म्यावर आलं, महिन्याला चार रन वाढल्या, टायमिंग आपोआप सुधारला. तेव्हा गोळीनं दम कमी होतो हे मला तरी पटत नाही.

पुणेरी_पाटी

"घेतो", "बसून होतो"... दादा, गोळी नक्की कोण घेतं?

खानापूरची_पोर

@पुणेरी_पाटी आमच्याकडं बायका पण आलो गेलोच म्हणतात वो. आजी, आई, मी, सगळ्या. पुण्याचं व्याकरण पुण्यात ठेवा की.

कुंदाप्रेमी

हाहाहा. एक शून्य.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो. यावर २०२० मध्ये एक मोठं एकत्रित विश्लेषण झालं, त्या आधीचे ४२ अभ्यास आणि त्यातल्या ५९० बायका धरून. निघालं काय, तर गोळी घेणाऱ्यांची कामगिरी न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी किंचित कमी दिसते, पण फरक इतका बारीक की संशोधकांनी त्याला नगण्यच म्हटलं. सगळ्या बायकांना एकच सल्ला देऊ नका, जिचं तिचं बघा, असंही लिहिलं. आणि त्यातले बहुतेक अभ्यास मध्यम ते अगदी हलक्या दर्जाचे होते हे त्यांनीच कबूल केलंय. कुठं आठ बायका, कुठं बारा, कुठं वेगवेगळ्या गोळ्या एकाच टोपलीत. गोळी चालू असलेले दिवस आणि सुट्टीचे दिवस यांच्यात म्हणण्यासारखा फरक सापडला नाही.

नैसर्गिक पाळीवरही त्याच वर्षी ७८ अभ्यास एकत्र करून बघितलं होतं. तिथंही तेच, पाळीच्या पहिल्या दिवसांत कामगिरी किंचित खाली, फरक नगण्य.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी बोलतो. २००३ च्या एका प्रयोगात १४ चांगल्या तयारीच्या बायका होत्या, निम्म्यांना तीन टप्प्यांची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, कुणाला काय दिलंय कुणालाच माहीत नाही. खऱ्या गोळीवाल्यांचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं तो आकडा, ४.७ टक्क्यांनी उतरला. पण त्याच बायकांच्या दमाच्या आणि ताकदीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. म्हणजे यंत्रावर आकडा खाली आला, पळण्यात दिसला नाही.

आता तुमचा हिशोब. ११८ मिनिटांची १२६ झाली, जवळपास ७ टक्के. नगण्य परिणामाच्या गोळीनं एवढं पाडलं असेल हे मला जड जातंय. लग्न, नवीन घर, झोप, जेवण, पाऊस, यातलं काय काय बदललं तेही लिहा की.

साधासरळ

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या. निसर्गानं दिलेलं चक्र औषधानं बंद पाडायचं आणि वर पळायला दम का नाही म्हणून विचारायचं. आमच्या आया दिवसभर रानात राबल्या, कुठली गोळी घेतली होती?

रेसकोर्सवाली

@साधासरळ तुमच्या आईला किती भावंडं होती आणि त्यातली किती जगली ते पण लिहा. माझ्या आजीची अकरा बाळंतपणं. राबली, होय, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी म्हातारी दिसायची.

साधासरळ

विषय भरकटवू नका.

रेसकोर्सवाली

मी? बरं.

ओपीडी_नंतर

मी स्त्रीरोग बघते. इथं कुणाचं निदान करणार नाही, ते समोर बसूनच होतं. पण काही गोष्टी धाग्यात गोलगोल फिरायल्यात त्या सरळ करते.

एकत्रित गोळीत दोन हार्मोनं असतात, एक इस्ट्रोजेनच्या जातीचं आणि एक प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं. रोज बाहेरून मिळायला लागल्यावर मेंदू अंडाशयाला हुकूम देणं थांबवतो, अंडं बाहेर पडत नाही. सुट्टीच्या आठवड्यात जे जातं ती खरी पाळी नव्हे, हार्मोन थांबल्यामुळं अस्तर सुटतं एवढंच. हे डोक्यात नीट ठेवा, पुढं त्याचा उपयोग आहे.

अंग धरतं म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे, काहींच्या अंगात पाणी साठतं. प्रोजेस्टेरॉनच्या जातीची औषधं वेगवेगळी असतात, ड्रोस्पायरेनोन असलेल्या गोळीत हे तुलनेनं कमी. गोळी चालू असताना अंगाचं तापमानही थोडं वर असतं. आपल्या हवेत पहाटे साडेपाचला त्याचं काही वाटणार नाही, गोव्यात दमट उन्हात पळाल तर कदाचित वाटेल.

सव्वा किलोत पाणी किती आणि सासूबाईंच्या हातचं किती हे काटा सांगत नाही.

@साधासरळ, इंग्लंडमधल्या ४३० वरच्या पातळीच्या खेळाडूंना २०१८ च्या पाहणीत विचारलं तेव्हा जवळपास निम्म्या कुठलं ना कुठलं हार्मोनवालं गर्भनिरोधक वापरत होत्या. दम जात असता तर त्यांनी आधी सोडलं असतं, त्यांचं पोट त्यावर आहे.

धागालेखिकेला एकच प्रश्न. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन शेवटचं कधी केलं?

तिसरं_गेट

हिमोग्लोबिन लग्नाआधी कधीतरी. फेरिटिन कधीच नाही, ते काय असतं?

ओपीडी_नंतर

साठवणीतलं लोह. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतले. खिसा भरलेला दिसतो तोवर बँक रिकामी होऊन गेलेली असते. करून घ्या, मग बोलू.

संकष्टी

डॉक्टर बोलल्या म्हणून धीर आला, माझा मूर्खपणा लिहिते. दुसऱ्या कुणी करू नये.

आमच्या घरी गौरी असतात. लग्न झाल्यापासून गौरीला पाळी येऊ नये म्हणून पुढं ढकलायची गोळी घेते, मेडिकलवाला न विचारता देतो, त्याला सणांची तारीख माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी मुंबई मॅरेथॉनला हाफसाठी नाव घातलं, तारीख बरोबर पाळीच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं गौरीला चालते तर मॅरेथॉनला का नाही. दिवसाला तीन गोळ्या, आठ दिवस. पोट डमरू झालं, स्तन दुखायले, रेसच्या आधीच्या रात्री भावाच्या घरी गॅलरीत उगाच रडत बसले. पळताना घोटभर पाणी प्यालं तरी पोटात डचमळ. कशीबशी संपवली. आणि गोळी बंद केल्यावर दोन दिवसांनी बेळगावला परत येताना स्लीपर बसमध्ये, रात्री दोन वाजता, कराडच्या आसपास, जे सुरू झालं ते विचारू नका. ड्रायव्हरला गाडी थांबव म्हणून सांगायला क्लीनरला उठवलं तर तो म्हणतो निपाणीला थांबते.

खानापूरची_पोर

अगं आई गं. क्लीनर लोकांचा वेगळा धागा काढायला हवा.

आकडेमोड

@संकष्टी तुम्ही एकट्या नाही. ती गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन. २०१५ मध्ये ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ जाहीरपणे बोलली होती, की एका तरुण ब्रिटिश धावपटूला पाळी लांबवायला हेच दिलं आणि सगळं आणखी बिघडलं, आणि पूर्वी आपल्यालाही हेच दिलं होतं. गंमत म्हणजे याच बाईनं २००२ मध्ये शिकागोला २ तास १७ मिनिटं १८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला तेव्हा शेवटच्या टप्प्यात तिच्या पोटात पाळीच्या कळा येत होत्या. गोळीशिवाय.

पुणेरी_पाटी

कळा येत असताना २:१७. मला ढेकर आली तरी मी बाजूला थांबतो.

ओपीडी_नंतर

@संकष्टी आणि बाकीच्यांनीही नीट वाचा. पाळी ढकलायची गोळी आणि गर्भनिरोधक गोळी एक नव्हे. दिवसाला तीन ५ मिलिग्रॅम म्हणजे मोठा डोस झाला, त्यातल्या थोड्याचं अंगात इस्ट्रोजेनही बनतं. शिवाय तेवढ्यानं गर्भ राहणार नाही असं समजून चालू नका. एकत्रित गोळी आधीच चालू असेल तर तारीख हलवायचा साधा मार्ग आहे, सुट्टीचा आठवडा गाळून पुढचं पाकीट लगेच सुरू करायचं. रेसच्या आठवड्यात पहिल्यांदा नाही, दोन-तीन महिने आधी करून बघायचं. नवीन बूट घालून कुणी हाफला उभं राहतं का?

आणि पोटरी. एकत्रित गोळीनं रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी न घेणाऱ्या दहा हजार तरुण बायकांत वर्षाला साधारण २ जणींना होते, गोळीवाल्यांत प्रकारानुसार ५ ते १२. म्हणजे घाबरून फेकून द्यावी इतका नाही. पण लांब रेस, अंगातलं पाणी कमी, वर रात्रभर बसमध्ये पाय दुमडून, आणि सकाळी एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, तर ते "मसल पुल" म्हणून बाम चोळत बसू नका. दवाखाना गाठा. डोळ्यांपुढं चमचम होऊन अर्धशिशी येणाऱ्यांनी आणि पस्तिशीपुढच्या सिगारेट ओढणाऱ्यांनी ही गोळी घ्यायचीच नसते. हे मेडिकलवाला विचारत नाही.

आशा_अक्का

मी आशा कार्यकर्ती आहे, चिक्कोडी तालुक्यात. तुमच्या हाफ मॅरेथॉनमधलं मला काही कळत नाही, पण मी पण दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालतो, घरं फिरत, ते कोण मोजत नाही 😀

आमच्याकडं फुकट मिळतंय ते सांगतो. माला एन, यात २८ गोळ्या, २१ हार्मोनच्या आणि ७ वेगळ्या रंगाच्या लोहाच्या. बायका काय करतात, त्या सात रिकाम्या आहेत म्हणून फेकून देतात, नाहीतर पोरं खेळायला घेतात. त्या फेकू नका वो. अंतरा इंजेक्शन तीन महिन्यातून एकदा, सासूला कळू नये म्हणून बऱ्याच जणी तेच मागतात, गजर नको की पाकीट नको. पण पाळी अनियमित होते नाहीतर थांबतेच, काहींचं वजन वाढतं, आणि बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो. वर्षात मूल पाहिजे असणाऱ्यांना मी आधीच सांगतो. छाया गोळी वेगळी, तिच्यात हार्मोन नसतंय. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग आठवड्यातून एकदा.

आकडेमोड

छायाबद्दल भर घालतो, हे औषध आपल्याच देशातलं. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलं, १९९१ पासून सहेली नावानं बाजारात आहे. सेंटक्रोमॅन.

ओपीडी_नंतर

अक्कांनी मी फीमध्ये सांगते ते फुकट सांगितलं. अंतराबद्दल एक, त्यानं हाडांची घनता थोडी कमी होते, बंद केल्यावर बहुतेकदा भरून येते. पण बारीक अंगाच्या, कमी खाणाऱ्या, रोज पळणाऱ्या मुलीला मी ते पहिल्या झटक्यात देणार नाही. आणि नेहमीच्या तांबीनं काहींना रक्तस्राव वाढतो, पळणारीला आधीच लोह कमी असेल तर ते महागात जातं. हार्मोनवाल्या तांबीनं उलट स्राव कमी होतो, पण ती महाग.

पीटी_टीचर

आधी नुसती वाचणार होते पण डॉक्टरांनी "ती खरी पाळी नव्हे" लिहिलं आणि एक पोरगी आठवली.

मी निपाणी भागात हायस्कूलला आहे, भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना संध्याकाळी मैदानावर घेते. एक मुलगी होती, १९ वर्षांची, हाडं आणि जिद्द, बाकी काही नाही. सकाळी सहा किलोमीटर, संध्याकाळी परत. डब्यात एक भाकरी, तीसुद्धा अर्धी परत न्यायची, वजन वाढलं तर पळता येणार नाही म्हणून. सात महिने पाळी नव्हती आणि तिला तो आनंदच होता, कटकट गेली म्हणायची. आईला कळलं, दवाखान्यात नेलं, तिथं पाळी यायला गोळ्या दिल्या. दर महिन्याला नियमित यायला लागली. आई खूश, मुलगी खूश, खरं सांगायचं तर मीसुद्धा.

चार महिन्यांनी नडगीच्या हाडाला बारीक चीर. तिनं दहा दिवस सांगितलंच नाही, मोजा वर ओढून पळत होती. मी एकदा बोटानं दाबलं तर रुपयाएवढ्या एका जागेवर ती किंचाळली. भरती गेली.

पुढं एका दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं की शरीराला पळून उरेल एवढं अन्नच मिळत नव्हतं, म्हणून त्यानं पाळी बंद केली होती. तो धोक्याचा दिवा होता आणि गोळीनं आम्ही दिव्यावर कापड टाकलं. गोळी वाईट नव्हती, ती चुकीच्या कामाला लावली.

ओपीडी_नंतर

@पीटी_टीचर हे मी माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना वाचून दाखवणार आहे, हरकत नसेल तर. ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून या अवस्थेला रेड-एस नाव दिलंय, म्हणजे खेळाच्या मानानं उर्जा कमी पडणं. आणि तोंडानं घ्यायच्या गोळीतल्या इस्ट्रोजेननं अशा मुलींची हाडं वाचत नाहीत, हे बऱ्याच डॉक्टरांनाही उशिरा कळलं. आधी पोटभर खाणं, पळणं कमी, मग बाकीचं. तीन महिने पाळी नाही तर "कटकट गेली" म्हणून पेढे वाटू नका.

सीमावासी

भरतीवरून आठवलं, महाराष्ट्र पोलीस भरतीला मुलींना ८०० मीटर पळायला लागतं आणि कर्नाटकात ४००. सीमाप्रश्न सुटेपर्यंत आमच्या पोरींनी ६०० ची तयारी करावी का?

कुंदाप्रेमी

वाद कोर्टात आहे, पोरींनी चालत जावं.

साधासरळ

यात हसण्यासारखं काय आहे? ८६५ गावांचा प्रश्न आहे.

सीमावासी

त्यातल्या एका गावातच राहतो हो मी. हसायची परवानगी मलाच जास्त आहे.

(यानंतरचे २३ प्रतिसाद सीमाप्रश्नाच्या धाग्यात हलवले आहेत. इथं गोळीवरच बोला. – संपादक)

नॅशनल_खेळलेली

एक मुद्दा कुणीच काढला नाही. राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर असाल तर डोपिंग. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर बंदी नाही. पण पीसीओडी असणाऱ्या मुलींना चेहऱ्यावरच्या केसांसाठी, मुरुमांसाठी स्पायरोनोलॅक्टोन देतात, ते लघवी वाढवणाऱ्या औषधांत येतं आणि त्यावर बंदी आहे. दिवस राहण्यासाठी देतात ते लेट्रोझोल आणि क्लोमिफेन, त्यावरही. ड्रोस्पायरेनोन त्याच लघवीवाल्या घराण्यातलं वाटतं, पण त्याला यादीत नाव घेऊन सूट दिलीय. आणि @संकष्टी यांची ती पाळी ढकलायची गोळी, तिच्यावर बंदी नाही, पण लघवीत तिचा जो अंश उतरतो तो नँड्रोलोन या स्टेरॉइडच्या खुणेसारखाच असतो. म्हणून नमुना देताना फॉर्मवर औषधांची नावं लिहायची, लाजायचं नाही. माझ्या वेळी फॉर्म भरून घेणारे सगळे पुरुष होते, मी "व्हिटॅमिन" लिहून आले आणि पुढचे दोन महिने पोस्टमन दिसला की पोटात गोळा.

संकष्टी

म्हणजे गौरी मला डोपिंगमध्ये पकडून देणार होत्या.

रेसकोर्सवाली

उकडीच्या मोदकाची पण टेस्ट करा म्हणावं.

अर्धवट_मॅरेथॉन

लांब रनला ताकदीसाठीचं एनर्जी जेल खाऊन माझं पोट बिघडतं, कधी उलटी होते. गोळी लागू पडते का मग? विचारायला कुठंच जागा नव्हती म्हणून इथं.

ओपीडी_नंतर

गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या. म्हणूनच पहाटे पळणाऱ्यांनी गोळी रात्री घ्यावी. आणि टीबीची औषधं चालू असतील, विशेषतः रिफॅम्पिसिन, तर गोळीवर विसंबू नका, डॉक्टरांना सांगा.

तिसरं_गेट

रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन १०.९, फेरिटिन ८.

@आकडेमोड यांनी विचारलं होतं काय बदललं. काल रात्री वहीत लिहून काढलं आणि मलाच हसू आलं. माहेरी मी पळून आले की आई ताट वाढून ठेवायची. इथं पळून आले की आधी सगळ्यांचे डबे, मग अंघोळ, मग गाडी, नाश्ता म्हणजे चहा आणि दोन खारी ऑफिसच्या जिन्यात. रात्री सगळ्यांचं झाल्यावर जेवण, अकरा वाजतात, उठायचं पाचला. पालेभाजी माझ्या ताटापर्यंत येईस्तोवर पातेल्यात पाणीच असतं. पाळी तर मला कॉलेजपासून भरपूर जायची, गोळीनंतर उलट कमी झालीय. हे सगळं सोडून मी त्या बारीक गोळीकडं बोट दाखवत बसले होते.

डॉक्टर, मग गोळी निर्दोष का?

ओपीडी_नंतर

सुटली म्हणून सांगणार नाही. पण ८ फेरिटिनवर २ तास ६ मिनिटांत पळालात, मला तुमच्या सुभेदार काकांपेक्षा जास्त कौतुक आहे. लोहाची गोळी रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. पळून आल्यावर दोन-तीन तासांनी नको, पळण्यानंतर तीन ते सहा तासांत हेपसिडिन नावाचं एक द्रव्य वाढतं आणि ते लोहाला आत शिरू देत नाही. म्हणून पळायच्या दिवशी उठल्या उठल्या घ्या नाहीतर पळून लगेच अर्ध्या तासात. आणि चहाबरोबर तर मुळीच नको, चहा लोह धरून ठेवतो. सोबत वही चालू ठेवा, गोळीचा कितवा दिवस, झोप किती, पळणं कसं झालं. तीन पाकिटांनंतर तुम्हालाच दिसेल तुमच्या अंगाला गोळी सोसते की नाही. नाही सोसली तर दुसरी आहे, दुसरा मार्ग आहे. ते ५९० बायकांचं सरासरीचं गणित तुमच्या पायांना माहीत नाही.

कुंदाप्रेमी

बायकोनं वाचला धागा. आमच्याकडं पण ती सगळ्यात शेवटी जेवते. मी बॅग धरतो असं वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. आजपासून डबे मी भरतोय, पहिल्याच दिवशी मुलाच्या डब्यात सांडगी मिरची गेली, शाळेतून फोन.

साधासरळ

@रेसकोर्सवाली आईला विचारलं. नऊ भावंडं, जगली पाच. तिला स्वतःला तिसऱ्या बाळंतपणानंतर नर्सबाईनं गोळ्या दिल्या होत्या म्हणे, पाच वर्षं घेतल्या, वडलांना माहीत नव्हतं. मला आज कळलं.

रेसकोर्सवाली

काकूंना माझा नमस्कार सांगा.

आशा_अक्का

ती नर्सबाई पण चालतच आली असणार बघा. मोजत जावा आमचं पण.

तिसरं_गेट

धागा वर काढतेय, अकरा आठवडे झाले. फेरिटिन ३१. गोळी तीच. परवा एकटीनंच २१ किलोमीटर मारले, २ तास ५० सेकंद. वहीत बघितलं तर सुट्टीच्या आठवड्यात डोकं दुखलेलं दोनदा दिसतंय, पळण्यात काही ठरावीक दिसत नाही. १:५८ अजून लांबच आहे आणि ती तीन मिनिटं कशानं अडलीत ते मला सांगता येणार नाही. नाश्ता आता मी बसून करते. सासूबाईंना गजर कसला ते सांगून टाकलं, त्या म्हणाल्या मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पाणी प्यायला कोण दार लावून घेतं?

रविवारी येळ्ळूरला राजहंसगडाची चढण मारणार आहोत. कोण कोण येतंय? साडेपाच, तिसरं गेट.

खानापूरची_पोर

मी येतो. पुणेरी_पाटी, "येतो" बरं का.

कुंदाप्रेमी

बायको येतेय. मी पायथ्याला चहाचा थर्मास घेऊन थांबतो.

ओपीडी_नंतर

चहा???

कुंदाप्रेमी

लिंबू सरबत. लिंबू सरबत म्हणायचं होतं.